गुणतक्त्यातली सफाई : नैरोबीच्या मथारे वस्तीतल्या पोरांचा एक प्रकरण अभ्यास

प्लास्टिकच्या जुन्या पिशव्या एकीत एक कोंबायच्या, दाबून दाबून त्यांचा गोळा करायचा आणि वरून सुतळीचे आडवे-उभे फेरे देत गाठी मारायच्या. मथारेतली पोरं असा फुटबॉल घरीच बनवतात. तिथं त्याला ‘जुआला’ म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थच मुळी प्लास्टिकची पिशवी. हा चेंडू फुटत नाही, त्यात हवा भरावी लागत नाही. उसळत मात्र नाही. म्हणून त्याच्यावर शिकलेला खेळाडू चेंडू पायाशी चिकटवून ठेवायला शिकतो.

१९८७ साली बॉब मन्रो नावाचा एक कॅनेडियन गृहस्थ मथारेत अशीच पोरं खेळताना बघत उभा राहिला. पर्यावरण आणि विकास या विषयांतला तो सल्लागार, नैरोबीत राहणारा. त्याच्या लहानपणी कॅनडात मोठी माणसं संध्याकाळचा वेळ काढून पोरांच्या मॅच लावायची, पंच व्हायची, शिकवायची. या पोरांना ते का मिळू नये, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पोरांशी बोलणं काढलं. पोरांना काय हवं होतं? खरा चेंडू, खरा पंच आणि रीतसर लीग. मन्रोनं हो म्हटलं, पण एका अटीवर. तुम्ही काही कराल तर मी काही करीन, तुम्ही काहीच केलं नाहीत तर मीही काही करणार नाही.

मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था या अटीतून उभी राहिली. तिला सगळे ‘मायसा’ म्हणतात. पुढं तिच्यात २० हजारांहून जास्त मुलं-मुली खेळू लागली. वस्त्यांमधल्या तरुणांबरोबर स्वयंसेवेचं काम करणाऱ्या कुणालाही मी हेच प्रकरण आधी वाचायला सांगते. हे काम मीही बरीच वर्षं केलं आहे, आणि त्यात आपण जिथं हमखास घसरतो तीच जागा या पोरांनी आणि त्या गृहस्थानं सुरुवातीलाच नीट बांधून घेतली होती.

वस्ती

मथारे ही नैरोबीच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, मथारे नदीच्या खोऱ्यात वसलेली पत्र्याच्या आणि मातीच्या खोल्यांची वस्ती. १९५०च्या दशकात, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या काळात, ब्रिटिश सरकारनं ती उठवली होती. १९६३ला केनिया स्वतंत्र झाल्यावर खेड्यांतून कामासाठी आलेल्या माणसांनी ती पुन्हा भरली. जमीन नावावर नाही, म्हणून नगरपालिकेच्या लेखी वस्ती नाही. वस्तीच नाही, तर कचरागाडी, गटार, नळ यांचा प्रश्नच येत नाही. अनेक घरांचा संसार चांगा नावाच्या हातभट्टीच्या दारूवर चालायचा. १९८० ते २०१० अशी तीस वर्षं ही दारू कायद्यानं बंद होती. म्हणजे वस्तीतल्या कितीतरी मुलांनी पोलीस पहिल्यांदा पाहिले ते आईला पकडायला आलेले.

बाहेरच्यांना या पोरांकडं बघायच्या दोनच नजरा ठाऊक होत्या. एक दयेची, एक भीतीची. एकीत पोर म्हणजे मदत घेणारा हात, दुसरीत पोर म्हणजे खिसा कापणारा हात. हाच हात फावडं धरून काहीतरी उभं करील, हे दोन्ही नजरांना दिसत नव्हतं.

आणि कचरा तर सगळीकडं. उघडी गटारं तुंबलेली, पावसाळ्यात तेच पाणी घरात. जुलाब, हिवताप, खोकला हे आजार घराघरांत. म्हणून पोरांनी काय करायचं हे ठरवताना कुणाला लांब शोधावं लागलं नाही. काम दारातच साचलं होतं.

तक्ता

सफाई मोहीम ही काही नवी कल्पना नाही. झाडू, टोप्या, पाहुणे, फोटो, एक रविवार. अशा एका मोहिमेत मी स्वतः राबले आहे. पहिल्या रविवारी साठ पोरं आली, दुसऱ्या रविवारी अकरा, तिसऱ्या रविवारी मी आणि दोन सहकारी. तेव्हा आम्ही बैठकीत बसून ‘तरुणांना सामाजिक जाणीवच उरली नाही’ असा निष्कर्ष काढला होता. आज त्या वाक्याची मला लाज वाटते. पोरांच्या आयुष्यात जे मोजलं जात होतं, त्यात आमचं काम कुठंच बसत नव्हतं. आमची हजेरीवही आमच्याच कपाटात होती आणि तिच्यातल्या नोंदींनी फायदा होत होता तो आमच्या अहवालाचा.

मायसानं सफाई थेट फुटबॉलच्या गुणतक्त्यात घातली. लीगमधल्या प्रत्येक टीमनं ठरलेल्या दिवशी आपल्या भागातला कचरा काढायचा, गटार मोकळं करायचं. काम पूर्ण झालं की त्याचे गुण टीमच्या खात्यात, आणि हे गुण एखादी मॅच जिंकल्याच्या गुणांपेक्षा कमी नव्हते. सफाई चुकवली की ते गुण गेले. म्हणजे मैदानावर सगळ्यांना हरवणारी टीमसुद्धा गटारात उतरली नाही तर लीग जिंकू शकत नाही, आणि मैदानावर कमी पडणारी टीम फावड्याच्या जोरावर वर चढू शकते.

बाहेरून ही एक साधी नियमाची ओळ दिसते. वस्तीत तिनं काय घडवलं असेल ते जरा बारकाईनं बघू या. चौदा-पंधरा वर्षांचा सेंटर फॉरवर्ड, टीमचा हिरो. शनिवारी सकाळी तो अजून झोपलाय. त्याला उठवायला कुठलाही कार्यकर्ता येत नाही. त्याचा गोलकीपर येतो, कारण गुण दोघांचे आहेत. दंताळं कुणाकडं, फावडं कुणाकडं, घमेली किती, हे कॅप्टन बघतो. गटारातला काळा गाळ वर काढून कडेला ढीग घालतात. नुसता ढीग करून भागत नाही, पहिल्या पावसात तो परत आत जातो. म्हणून तो उचलून नेण्याची सोय लागते. पुढं त्यासाठी संस्थेकडं ट्रक आले. शेजारच्या टीमचा कुणीतरी येऊन बघतो, की यांनी खरंच केलं का, कारण यांना गुण फुकट मिळाले तर नुकसान त्याचं. देखरेखीला बाहेरचा माणूस ठेवायची गरजच उरत नाही.

आणि दारात उभी राहून एक बाई हे बघते. काल हीच पोरं तिच्या पत्र्यावर चेंडू आदळतात म्हणून ती शिव्या देत होती.

स्वयंसेवेला बक्षिसाची लालूच लावली, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. लालूच बाहेरून येते, आणि ती थांबली की काम थांबतं. इथं बाहेरून काही आलं नाही. पोरांना आधीच जे जिवापाड हवं होतं, म्हणजे लीगमधली जागा, त्यात वस्तीचं काम एक बाजू म्हणून गुंफलं गेलं. चांगली टीम कुणाला म्हणायचं याची व्याख्याच बदलली. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं मायसाला ‘ग्लोबल ५००’ हा पुरस्कार दिला. पर्यावरणाचा हा पुरस्कार एका फुटबॉल लीगला मिळाला होता.

फुकट वेळ कुणाकडं असतो

या कामातला सर्वांत मोठा गैरसमज वेळेबद्दलचा आहे. शाळा सुटलेलं, कोपऱ्यावर उभं असलेलं पोर दिसलं की आपल्याला वाटतं, याच्याकडं वेळच वेळ आहे. पण गरीब घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा एक तास कधीच रिकामा नसतो. त्या तासात पाणी भरता येतं, भंगार वेचता येतं, कुणाचं सामान वाहता येतं. कोपऱ्यावर उभं राहणं हीसुद्धा कामाची वाट बघण्याची रीत असते. खात्यापित्या घरातला मुलगा स्वयंसेवा करतो तेव्हा त्याचं पोट दुसरं कुणीतरी सांभाळत असतं, आणि वर त्याच्या अर्जावर एक ओळही वाढते. तोच नियम मथारेतल्या मुलाला लावून ‘निरपेक्ष सेवा कर’ म्हणणं हा माझ्या मते अन्याय आहे.

मायसानं याचं उत्तर शाळेच्या फीमधून काढलं. केनियात प्राथमिक शिक्षणाची फी २००३ साली माफ झाली, त्याआधी तीही भरावी लागे. आणि माध्यमिक शाळेची फी तर त्यानंतरही गरीब घराचं कंबरडं मोडणारीच होती. फी थकली की मुलाला शाळेतून घरी पाठवायचे. एक सत्र बुडालं की पोर मागं पडायचं, दोन बुडाली की शाळा सुटायची. म्हणून संस्थेनं ‘लीडरशिप अवॉर्ड’ काढले. लहान टीमला शिकवलं, पंचगिरी केली, सफाई लावली, वस्तीत आरोग्याची माहिती सांगितली, तर प्रत्येक कामाचे गुण त्या मुलाच्या नावावर. ज्यांचे गुण जास्त त्यांना अवॉर्ड, आणि अवॉर्डची रक्कम थेट त्याच्या शाळेत फी म्हणून जमा.

‘थेट शाळेत’ हे दोन शब्द फार विचार करून ठेवलेले आहेत. पैसे हातात दिले असते तर घरचं भाडं, आजारपण, बापाची उधारी यांतल्या कशात तरी गेले असते, आणि त्याचा दोष पोरालाही देता आला नसता. शिवाय पैसे मिळवणारं पोर म्हणून घरात आणि गल्लीत त्याच्यावर वेगळाच दाब आला असता. शाळेत जमा झालेल्या पैशाला कुणी हात लावू शकत नाही. आणि घरातल्यांना एक गोष्ट कळते, की हे पोर दुपारभर बारक्यांना फुटबॉल शिकवत होतं ते उनाडक्या करत नव्हतं, स्वतःची फी कमवत होतं. ज्या आईबापांचा विरोध मोडायला आपण घरोघरी फिरतो आणि समजूत घालतो, त्यांना शाळेची पावती जास्त समजते.

पंच

लीग चालवायची कुणी? इथं मायसानं जे केलं ते करायला बहुतेक संस्था धजत नाहीत. वस्तीच्या भागांनुसार विभाग पाडले, विभागात लीग, आणि लीगचे पदाधिकारी खेळाडूंनीच निवडायचे. विभागांचे प्रतिनिधी वरच्या मंडळांवर जातात. खेळाचं मंडळ वेगळं, वस्तीसेवेचं वेगळं, आणि दोन्हींच्या वर कार्यकारी मंडळ. निवडून येणारी बरीच मुलं शाळकरी वयाची. मैदान कुणाला कधी, तक्रारीचा निकाल काय, कुठल्या टीमचे गुण कापायचे, हे त्यांनी ठरवायचं आणि त्यासाठी शिव्याही त्यांनीच खायच्या.

शिस्तीचे नियमही याच धाटणीचे आहेत. पंचाशी फक्त कॅप्टननं बोलायचं. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूनं नुसतं बाहेर बसून भागत नाही; पुन्हा खेळायचं तर त्यानं आधी लहान मुलांच्या मॅचना पंच म्हणून उभं राहायचं. पंचावर धावून गेलेला मुलगा शिटी तोंडात धरून उन्हात उभा राहतो, आणि बारकी पोरं दोन्हीकडून त्याच्यावर ओरडतात. याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही. पिवळ्या आणि लाल कार्डाबरोबर मायसाचे पंच एक हिरवं कार्डही खिशात ठेवतात. ते खिलाडूपणानं वागणाऱ्या खेळाडूला मिळतं, आणि त्याचे गुण अवॉर्डच्या खात्यात जातात. पोलिसांच्या आणि मास्तरांच्या वह्यांत ज्यांच्या फक्त चुका लिहिल्या जातात, त्या मुलांच्या आयुष्यात चांगलं वागल्याची नोंद करणारा कागद तोवर नव्हताच.

मुली

पहिली पाच वर्षं मायसा म्हणजे मुलगेच. मैदानावर मुली नव्हत्या आणि त्या का नाहीत हे फारसं कुणी विचारलंही नाही. मायसाचे मुलगे नॉर्वे कप या मोठ्या युवा स्पर्धेला गेले, तिथं मुलींच्या टीम खेळताना त्यांनी पाहिल्या, आणि १९९२च्या सुमारास मथारेत मुलींचं फुटबॉल सुरू झालं.

या टप्प्याकडं मी सर्वांत जास्त वेळा परत येते, कारण मुलांसाठी चपखल बसलेली रचना मुलींना जशीच्या तशी लावता आली नाही. पॉप्युलेशन कौन्सिल या संशोधन संस्थेनं २००२ साली याचा नीट अभ्यास केला. अडचण मुलींच्या आवडीची नव्हती. त्या टीम करायला तयारच होत्या. अडचण घरात होती. धाकटी भावंडं, पाणी, भांडी, चूल, हे सगळं दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावर. ती मॅचला गेली तर ते काम आईच्या डोक्यावर, आणि आई तर स्वतःच मजुरीला. मुलगी मैदानावर उशिरा यायची, नाहीतर कडेवर भावंड घेऊन यायची. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, म्हणजे संध्याकाळच्या मॅच बाद. वाटेत टोळकी, शेरेबाजी. हाफ पँट घालून सगळ्यांसमोर धावणं हाच काहींना गुन्हा वाटायचा. आणि मैदान? ते मुलांच्या ताब्यात.

इथं गुणतक्त्याची जादू चालत नाही. आपण समान नियम लावले, असं म्हणून मोकळं झालं की मुली आपोआप गळतात, आणि आपण वर म्हणतो की मुलींनाच रस नाही. मायसाला मॅचच्या वेळा बदलाव्या लागल्या, आईबापांना जाऊन भेटावं लागलं, मुलींसाठी मैदान राखून ठेवावं लागलं, मुलींना शिकवायला पुढं मुलीच तयार कराव्या लागल्या. तरीही मुलांइतक्या मुली मैदानावर आल्या नाहीत.

ज्या आल्या त्यांच्याबाबत एक गोष्ट मात्र घडली. फुटबॉल खेळणारी मुलगी गल्लीतून कामाशिवाय चालू लागली. ऐकायला ही फार साधी गोष्ट वाटते. पण वस्तीत मुलगी बाहेर दिसते ती पाण्याच्या रांगेत, दुकानात, भावंडाच्या मागं धावताना. काहीही न आणायला, फक्त खेळायला निघालेली, मैत्रिणींच्या घोळक्यात, पायात बूट. तिच्या ओळखीच्या मुली वाढतात, तिला गल्लीबाहेरचा रस्ता कळतो, आपण आजारी पडलो तर कुणाचं दार वाजवायचं हे तिला माहीत होतं.

चेंडूमागून आलेलं

टीमा बांधून झाल्या की इतर कामांना वाट मिळते. १९९४ पासून मायसाच्या खेळाडूंना एड्सबद्दल आपल्या वयाच्या मुलांशी बोलण्याचं शिक्षण मिळू लागलं. त्या काळात या आजारानं वस्त्यांमध्ये माणसं जात होती आणि त्याचं नावही कुणी काढत नव्हतं. आपल्याच टीमचा मोठा दादा बोलतो तेव्हा पोरं ऐकतात. पोलीस कोठडीत अडकलेल्या लहान मुलांना जेवण पोचवणं, कोठड्या स्वच्छ करणं, त्यांची घरं शोधून काढणं हे कामही मायसाच्या मुलांनी उचललं. १९९७ साली काही मुलांच्या हातात स्वस्त प्लास्टिकचे कॅमेरे दिले गेले आणि त्यांनी स्वतःची वस्ती स्वतः टिपली. १९९९ पासून हीच पद्धत केनियाच्या उत्तरेकडच्या काकुमा निर्वासित छावणीतही नेली गेली. यातलं प्रत्येक काम स्वतंत्र लिहिण्याजोगं आहे. इथं एवढंच सांगायचं की ही कामं आधी ठरवून त्यांना पोरं जोडली नाहीत. पोरं आधी जोडली गेली होती.

आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. शहराचा कचरा उचलणं नगरपालिकेचं काम. श्रीमंतांच्या भागातली मुलं शनिवारी गटारात उतरतात का? मग मथारेतल्या मुलांनी का उतरायचं? सफाईच्या कौतुकात वस्तीचा हक्कच मागं पडत नाही का?

मला वाटतं, हा धोका खरा आहे, आणि स्वयंसेवेच्या प्रत्येक कार्यक्रमात तो असतो. पोरांनी साफ केलं म्हणून पालिकेची जबाबदारी संपली असं कुणी म्हणू लागलं तर तो कार्यक्रम सरकारच्या अंगावरचं ओझं मुलांच्या डोक्यावर देतो. पण ज्यांना स्वतःच्या गल्लीवर कधीच काही म्हणायचा अधिकार नव्हता, त्यांना तो मिळतो कसा, हेही बघायला हवं. दहा वर्षं स्वतःच्या हातानं गटार उपसलेला माणूस पालिकेच्या दारात जातो तेव्हा कुठलं गटार कुठं तुंबतं, किती गाडी गाळ निघतो, हे त्याला तोंडपाठ असतं. फक्त तसं दारात जायचं शिक्षणही कार्यक्रमात असायला हवं. फावड्याबरोबर अर्ज लिहायलाही शिकवायला हवं. माझ्या मते या बाजूला मायसासारख्या संस्थांनी आणखी पुष्कळ करायला हवं होतं.

दुसरा प्रश्न परिणामाचा. खेळानं आणि सेवेनं मुलांचा आत्मविश्वास वाढतो, हे वाक्य प्रत्येक संस्थेच्या पत्रकात असतं. फ्रेड कोल्टर या स्कॉटिश अभ्यासकानं मायसासकट आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या अशा काही संस्थांमधल्या मुलांना प्रत्यक्ष प्रश्न विचारून २०१० साली अहवाल दिला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की यातली पुष्कळ मुलं कार्यक्रमात आली तेव्हाच आपल्या कुवतीबद्दल बऱ्यापैकी ठाम होती. वस्तीतलं पोर म्हणजे आत्मविश्वास नसलेलं, खचलेलं पोर, ही समजूत मुळातच चूक. बदलही सगळ्यांत सारखा झाला नाही. काहींचा आत्मविश्वास वाढला, काहींचा उलट खाली आला.

कामाला लागण्याआधी हे ऐकायला मिळालं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती. आम्ही पोरांमध्ये काय कमी आहे याची यादी करून सुरुवात करायचो आणि ते भरून काढायची सत्रं घ्यायचो. ज्या पोराला पोलीस, घरमालक, भाड्याची तारीख आणि आजारी आई एकाच आठवड्यात सांभाळता येते त्याला आम्ही ‘समस्या सोडवण्याचं कौशल्य’ शिकवत होतो. त्याला हवी होती ती जागा, जिथं हे कौशल्य मोजलं जाईल आणि त्याच्या नावावर लिहिलं जाईल.

तिसरी गोष्ट पैशाची. ट्रक, फी, मैदानं, यांना पैसे लागतात आणि ते बऱ्याच अंशी परदेशातून, नॉर्वेसारख्या देशांतून आले. देणगीदाराचं मन बदललं की फीचे अवॉर्ड अडचणीत. मुलांनी शब्द पाळला आणि संस्थेला पाळता आला नाही, तर मूळ अटच मोडते. अशी रचना करणाऱ्यानं शंभर अवॉर्ड जाहीर करण्याआधी वीस अवॉर्ड दहा वर्षं देता येतील का, हे मोजावं.

मथारे युनायटेड

१९९४ साली लीगमधल्या चांगल्या खेळाडूंची एक मोठी टीम केली, मथारे युनायटेड. १९९८ साली ही टीम देशाच्या वरच्या लीगमध्ये नसतानाही तिनं मोई गोल्डन कप ही केनियातली कपची स्पर्धा जिंकली. २००४ साली ट्युनिशियात झालेल्या आफ्रिका कपला केनियाचा जो संघ गेला त्यात या क्लबचे अनेक खेळाडू होते. मोठं झाल्यावरही क्लबच्या खेळाडूंनी वस्तीतलं काम करायचंच, ही अट कायम होती. टीव्हीवर दिसणारा खेळाडू शनिवारी बारक्यांना शिकवायला उभा.

मग डिसेंबर २००७ आला. निवडणुकीच्या निकालावरून केनिया पेटला. या हिंसेची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाच्या अहवालानुसार देशभर १,१३३ माणसं मेली, लाखो बेघर झाली. मथारेतही जमातीच्या रेषेवर वस्ती फाटली, घरं जळाली, वर्षानुवर्षांचे शेजारी रातोरात गल्ली सोडून गेले. त्यांत लीगमधली पोरंही आलीच. एकत्र फुटबॉल खेळल्यानं हिंसा थांबली असं कुणी लिहिलं तर ते खरं नाही. वीस वर्षांच्या लीगनंतरही वस्ती जळली. फेब्रुवारी २००८च्या अखेरीला संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीनं दोन्ही बाजूंचे नेते समेटाला आले, आणि लीग परत सुरू करायची वेळ आली.

परत सुरू करायची म्हणजे काय करायचं? टीमची यादी काढायची. यातले कोण वस्तीत आहेत, कोण गेलेत, कोण आता आपल्या जुन्या गोलकीपरच्या गल्लीत पाऊल टाकू शकत नाही, ते बघायचं. मैदान कुठल्या बाजूला आहे आणि तिथं पोचायला कुठल्या टीमला कुणाच्या दारावरून जावं लागतं, ते बघायचं. जळलेल्या घरांचा पत्रा आणि राख गटारात पडलेली. सफाईचे गुण तक्त्यात होतेच.

त्याच वर्षी, २००८ला, मथारे युनायटेड देशाची सर्वांत वरची लीग, केनियन प्रीमियर लीग, जिंकली.